जावळाखालची खूण

रायगडच्या किनाऱ्यावर बाळाचं डोकं पहिल्यांदा नीट उघडं पडतं, ते घराघरातल्या रीतीप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या कोकणी मुसलमान घरांत अकीक्याला, रीतीप्रमाणे सातव्या दिवशी, बाळाचे केस उतरवतात. आगरी-कोळी घरांतली बरीच मंडळी जावळासाठी कार्ल्याला एकवीरेच्या पायाशी जातात. तो मुहूर्त वर्षाच्या आत निघतो, नाहीतर थेट तिसऱ्या वर्षी. तोवर डोक्यावर टोपडं असतं, कुंची असते, टाळूवर खोबरेल तेल असतं. मग एक दिवस बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात, जावळ उतरतं, आणि एखाद्या घरात सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी थांबते. टाळूच्या मागे, भोवऱ्याजवळ, रुपयाएवढी गुळगुळीत जागा. तिथे केस नाहीत. हात फिरवला तर कातडी कागदासारखी पातळ लागते.

मग अटकळी सुरू होतात. कुणी म्हणतं चाई पडली, कुणी म्हणतं खवडं होऊन गेलं असेल. बाळंतपणात चिमटा लावला होता का, याची आठवण काढली जाते. आणि बहुतेक घरांत कुणीतरी बाळाच्या आईकडे वळून विचारतं, ‘गरोदरपणात ग्रहण पाळलं होतंस ना गं?’ हा प्रश्न त्या बाईच्या मनात किती वर्षं सलत राहतो, हे विचारणाऱ्याला कळतही नाही.

लहान मुलांच्या डोक्यावर जन्मापासून असलेल्या बहुतेक खुणा निरुपद्रवी असतात. मानेवर, केसांच्या मुळाशी दिसणारा गुलाबी-लाल डाग तर पुष्कळ बाळांना असतो आणि त्याचं काहीही करावं लागत नाही. पण थोड्या खुणा अशा असतात की त्यांच्याखाली कवटीचं हाड नसतं, किंवा त्यांच्या मुळाशी मेंदूच्या आवरणापर्यंत जाणारी वाट असते. वरून पाहता या दोन्ही जातींच्या खुणा सारख्याच दिसू शकतात. त्या वेगळ्या कशा ओळखायच्या, हे निदानाचं खरं काम. त्यासाठी लागणारी निम्मी माहिती कोणत्याही यंत्रात नसते. ती असते आईजवळ आणि बाळाला रोज पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या मावशींजवळ. खूण नेमकी कुठे आहे, पहिल्या दिवसापासून होती का, बाळ रडलं की ती फुगते का, एवढं नीट सांगता आलं तरी डॉक्टरांचा मार्ग बराच सोपा होतो.

‘कुठे’ या प्रश्नाला एवढं वजन का, हे कळायला गर्भाच्या चौथ्या आठवड्यात डोकावावं लागतं. आपली कातडी आणि आपला मेंदू एकाच पातळ पदरातून तयार होतात. गर्भाच्या पाठीवर त्या पदराला आधी पन्हळीसारखी घडी पडते, मग तिचे दोन्ही काठ जुळून नळी बनते. गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती नळी बंद होते आणि वरच्या कातडीपासून सुटून आत जाते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याची कल्पनाही नसते. हे सुटणं एखाद्या जागी अर्धवट राहिलं, तर कातडी आणि मेंदू यांच्यात एक धागा उरतो. तो उरतो बहुधा शरीराच्या मध्यरेषेवर, कारण काठ जुळले ते तिथेच. म्हणून नाकाच्या शेंड्यापासून टाळू, भोवरा आणि मागे मानेच्या खळग्यापर्यंत जी सरळ रेघ जाते, तिच्यावरच्या गाठीकडे, खड्ड्याकडे किंवा केस नसलेल्या जागेकडे बालरोगतज्ज्ञ जास्त बारकाईनं पाहतो. कानाच्या वर, एका बाजूला असलेला तसाच डाग त्याला एवढा घोर लावत नाही.

भोवऱ्याचीही एक गोष्ट आहे. दोन भोवरे असले की दोन लग्नं होणार, असं आपल्याकडे गमतीनं म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी या भोवऱ्यांचा अभ्यास केला. गर्भाच्या दहाव्या ते सोळाव्या आठवड्यात केसांची मुळं कातडीत खाली उतरत असतात, आणि त्याच वेळी मेंदू झपाट्यानं वाढून वरच्या कातडीला ताणत असतो. केसांची दिशा या ताणातून ठरते. भोवरा म्हणजे त्या ताणाच्या मध्याची खूण. जन्मतः कातडी नसलेल्या जागा सर्वांत जास्त सापडतात त्याही याच भोवऱ्याच्या आसपास. जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच कातडी पुरी पडली नाही, असा एक तर्क त्यावरून मांडला गेला. सगळ्याच रुग्णांना तो लागू पडत नाही, पण जागेचा हा मेळ लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या विकाराचं वैद्यकीय नाव ‘अप्लेशिया क्युटिस कन्जेनिटा’. सरळ मराठीत सांगायचं तर एखाद्या जागी कातडी जन्मतःच तयार न होणं. दर दहा हजार जन्मांमागे एक ते तीन बाळांत तो आढळतो, आणि त्यांतल्या दहापैकी आठांहून अधिक बाळांत ती जागा डोक्यावरच असते. जन्माच्या वेळी ती वेगवेगळ्या रूपांत दिसते. कधी ओली, लाल, काठ कोरल्यासारखा असलेली जखम, कधी पाण्याच्या फोडासारखा चकचकीत पापुद्रा. कधी आईच्या पोटातच ती भरून आलेली असते आणि बाळ व्रण घेऊनच जन्माला येतं. जखम लहान असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप भरते. मागे राहतो तो केस नसलेला, पांढरट, गुळगुळीत व्रण, जो जावळ काढताना पहिल्यांदा डोळ्यांत भरतो.

लहान जखमेचं एवढंच. मोठ्या जखमेची गोष्ट निराळी. १८२६ साली एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी डोक्यावर अशी जखम घेऊन जन्मलेल्या बाळाची हकीकत छापली. डोक्यावरच्या अशा जखमेची ही पहिली नोंद मानली जाते. ते बाळ अठराव्या दिवशी रक्तस्रावानं दगावलं. कवटीच्या मध्यरेषेखाली मेंदूतलं अशुद्ध रक्त वाहून नेणारी एक मोठी शीर असते. वर कातडी नाही, हाड नाही, आणि उघडं आवरण वाळून त्यावर खपली धरली, तर खपली सुटताना ती शीरही फाटू शकते. म्हणून मोठी जखम ओलसर ठेवणं, खपली न ओढणं आणि न्यूरोसर्जनचा सल्ला लगेच घेणं याला डॉक्टर फार जपतात. हा विकार असलेल्या एकूण बाळांपैकी साधारण पंधरा ते तीस टक्क्यांच्या जखमेखाली हाडही अपुरं असतं. जखम भरेपर्यंत तिच्यावर तेल, हळद, राख किंवा झाडपाल्याचा लेप लागता कामा नये. तेलपाण्यावर प्रेम करणाऱ्या घरांना हे सांगणं जड जातं, तरी सांगायलाच हवं.

ही जखम आणि बाळंतपणात झालेली इजा यांत घोटाळा फार होतो. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावलेला असला की नातेवाइकांचा संशय डॉक्टरांवर जातो, शब्दाला शब्द वाढतो, कधी प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. अशा वेळी जन्मल्याबरोबर काढलेला एक फोटो फार उपयोगी पडतो. इजेचा काठ खरचटलेला असतो, आसपास सूज आणि निळसरपणा असतो, आणि जागा चिमट्याच्या पात्याशी जुळते. जन्मजात जखमेचा काठ साच्यातून काढल्यासारखा स्वच्छ असतो. सिझेरियन झालेल्या, कसलंही हत्यार न लागलेल्या बाळातही ती दिसते. माता व बाल संरक्षण कार्डावर पहिल्याच दिवशी ‘डोक्यावर भोवऱ्याजवळ दीड सेंटिमीटरची खूण’ एवढी नोंद झाली, तर पुढचे कितीतरी वाद टळतात आणि निदानही सोपं होतं.

१९८६ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञ आयलोना फ्रीडेन यांनी या विकाराचे नऊ गट पाडले. कारण तो एकच आजार नव्हे, अनेक कारणांनी उमटणारी एक खूण आहे, हे तोवर ध्यानात आलं होतं. बहुतेक बाळांत ती एकटीच असते आणि बाकी मूल ठणठणीत असतं. काहींत ती हाता-पायांची बोटं अपुरी असण्याबरोबर येते. फॉरेस्ट अ‍ॅडम्स आणि क्लॅरेन्स ऑलिव्हर यांनी १९४५ मध्ये एकाच कुटुंबातल्या अनेकांमध्ये ही जोडी नोंदवली, म्हणून तिला अ‍ॅडम्स-ऑलिव्हर सिंड्रोम म्हणतात. अशा मुलांचं हृदयही तपासून घ्यावं लागतं. तेराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असलेल्या बाळांतही डोक्यावर अशा जखमा दिसतात. त्यामुळे जाणता डॉक्टर डोक्यावरची खूण पाहून तिथेच थांबत नाही. बाळाचे कपडे काढून बोटं मोजतो, पाठ पाहतो, छातीला नळी लावतो.

आता केसांच्या कॉलरची गोष्ट. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी काही बाळांच्या डोक्यांवर एक विलक्षण रचना नोंदवली. मधोमध टक्कल पडलेली लहानशी गाठ, आणि तिच्याभोवती गोलाकार उगवलेले, बाकी जावळापेक्षा काळे, जाड, लांब केस. सदऱ्याच्या गळ्याला कॉलर असावी तसे. ती गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिच्यात मेंदूच्या पेशी निघाल्या. मेंदूची नळी कातडीपासून सुटताना जो कण मागे राहिला, त्याचीच ती गाठ होती. तेव्हापासून ‘हेअर कॉलर साइन’ हे नाव रुळलं. अशी कॉलर दिसली की खाली एन्सेफॅलोसीलचा, म्हणजे कवटीच्या फटीतून बाहेर आलेल्या मेंदूच्या व त्याच्या आवरणाच्या भागाचा, एखादा आक्रसलेला अवशेष असण्याची शक्यता गृहीत धरतात. पातळ पापुद्र्याच्या साध्या व्रणाभोवतीही कॉलर असू शकते. म्हणजे कॉलर दिसली की आत दोष आहेच असं नव्हे. मात्र आत पाहिल्याशिवाय तिथे सुई किंवा पातं लावायचं नाही, हा नियम पक्का.

या लेखातली एकच गोष्ट कुणी ध्यानात ठेवणार असेल, तर ती ही ठेवावी. मध्यरेषेवर केसांचं वेगळं कडं, पुंजका किंवा झुबका दिसला, तर घरच्यांना त्याचं कौतुक वाटतं. बाळाला देवानं मुकुट दिलाय, असंही कुणी म्हणतं. कौतुक जरूर करावं, पण बाळाला डॉक्टरांनाही दाखवावं.

गाठींचं निदान आणखी अवघड, कारण मराठीत गाठीला जेवढी नावं तेवढेच तिच्यावरचे घरगुती उपाय. केसाच्या मुळाशी पिकलेलं ते केसतूड, दुखणारं ते गळू, न दुखता वाढणारं ते आवाळू. केसतुडावर पोटीस बांधतात, गळू फोडतात, आवाळू बांधून टाकतात. मोठ्यांचं त्यानं निभावतंही. दोन महिन्यांच्या बाळाच्या टाळूवरच्या गाठीवर यांतलं काहीही करणं धोक्याचं असतं.

टाळूवर न दुखणारी, रबरासारखी गाठ असते ती बहुधा डर्मॉइड सिस्ट. कवटीची हाडं जुळताना कातडीचा एक तुकडा आत अडकतो आणि त्यात केस, तेल, मृत पेशी साठत जातात. नायजेरियातल्या इबादान इथले न्यूरोसर्जन अडेलोये आणि ओडेकू यांनी १९७१ मध्ये टाळूवरच्या अशा गाठींचं तपशीलवार वर्णन केलं. काही काळ हा आफ्रिकी मुलांचाच आजार समजला गेला. पुढे इतर खंडांतून, भारतातूनही, रुग्णांच्या नोंदी आल्या आणि तो समज गळून पडला. डॉक्टरांनी पाहिलेच नव्हते म्हणून ते रुग्ण ‘नव्हते’, एवढाच त्याचा अर्थ. या गाठीची परीक्षा अशी की बाळ रडलं तरी ती फुगत नाही. एन्सेफॅलोसील रडताना ताठरतं. आणि ‘सायनस पेरिक्रेनाय’ नावाच्या दुर्मीळ प्रकारात मऊ, निळसर फुगवटा बाळाला निजवलं, ओणवं केलं किंवा ते रडलं की भरतो, आणि उचलून उभं धरलं की पार नाहीसा होतो. तो फुगवटा म्हणजे कवटीतल्या मोठ्या शिरेशी थेट जोडलेलं रक्त. त्याला गळू समजून सुई टोचली तर काय होईल, ते सांगायला नको.

न्हाऊ घालणाऱ्या मावशींची नजर इथेच मोलाची ठरते. बाळ त्यांच्या पायांवर पालथं असतं, उताणं असतं, बहुतेक वेळ रडत असतं. फुगवटा कधी येतो आणि कधी जातो, हे दवाखान्यात पाच मिनिटांसाठी शांत झोपलेलं बाळ पाहणाऱ्या डॉक्टरांना दिसणारच नाही. आंघोळीच्या वेळी मोबाइलवर घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्यांना फार काही सांगून जातो.

सर्वांत फसवी खूण मात्र सर्वांत लहान असते. डोक्याच्या मागच्या बाजूला, मध्यरेषेवर, टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि त्यातून डोकावणारे एक-दोन केस. ते मेंदूपर्यंत गेलेल्या नळीचं तोंड असू शकतं. त्या वाटेनं जंतू आत जातात आणि मुलाला मेंदूज्वर होतो. एकदा बरा होतो, पुन्हा होतो. मेंदूज्वर वारंवार होणाऱ्या मुलाची पाठ आणि डोक्याची मागची बाजू केस बाजूला सारून, चांगल्या उजेडात पाहायची, असं वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात ते याचसाठी. दाट केसांखाली ते भोक वर्षानुवर्षं लपून राहतं.

पिवळ्या डागाची तऱ्हा निराळी. जन्मतःच डोक्यावर बदामी किंवा नारिंगी छटेचा, केस नसलेला, किंचित खडबडीत पट्टा असला, तर तो बहुधा ‘नीव्हस सेबॅशियस’. १८९५ मध्ये जोसेफ याडासोन यांनी त्याचं वर्णन केलं. हजारातल्या साधारण तीन नवजात बाळांत तो असतो. म्हणजे इतर खुणांच्या मानानं तो तसा दुर्मीळ नव्हे. बालपणी तो निपचित पडून असतो, वयात येताना तेलग्रंथी जाग्या झाल्या की चामखिळीसारखा जाड होतो. पूर्वी पुस्तकांत लिहिलेलं असे की दहा ते वीस टक्के रुग्णांत पुढे त्यातून कर्करोग उद्भवतो, म्हणून लहानपणीच कापून टाका. २००० साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या डॉक्टरांनी असे ५९६ नमुने नव्यानं तपासले, तेव्हा खरा त्वचेचा कर्करोग एक टक्क्याहूनही कमी नमुन्यांत निघाला. आधी कर्करोग वाटलेल्या बऱ्याच गाठी प्रत्यक्षात निरुपद्रवी होत्या. आता बहुतेक डॉक्टर थांबायला सांगतात. २०१२ मध्ये या डागाचं कारणही उलगडलं. गर्भातल्या एकाच पेशीत ‘एचरास’ नावाच्या जनुकात बदल होतो आणि तिची पिलावळ तेवढ्या पट्ट्यात पसरते. आई-वडिलांकडून तो बदल येत नाही.

कपाळाच्या कोपऱ्यावर, कानशिलाजवळ त्रिकोणी टक्कल असेल आणि ते मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर ध्यानात आलं असेल, तर त्याला चाई म्हणून इंजेक्शनं देण्याची घाई नको. फ्रेंच डॉक्टर साबुरो यांनी १९०५ मध्ये वर्णिलेला हा प्रकार जन्मभर तसाच राहतो. त्यानं अपाय काही होत नाही.

बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत डोक्याच्या एका बाजूला आलेली, हाडांच्या सांध्यावर थांबलेली सूज म्हणजे हाडाच्या आवरणाखाली साठलेलं रक्त. काही आठवड्यांत ती ओसरते. तिलाही सुई लावायची नसते.

निदानाची साधनं पाहिली तर बरीचशी अगदी साधी आहेत. चांगला उजेड, केस विंचरून भांग पाडणं, बोटानं चाचपणं. त्यानंतर डर्मोस्कोप, म्हणजे दिवा बसवलेलं भिंग. त्यातून पिवळ्या डागातले तेलग्रंथींचे ठिपके दिसतात. कातडी नसलेल्या जागेच्या कडेनं केसांची मुळं पातळ पापुद्र्याखालून आडवी पसरलेली दिसतात. चाईत उद्गारचिन्हासारखे, वर जाड आणि मुळाशी निमुळते केस दिसतात, तर गजकर्णात स्वल्पविरामासारखे वाकलेले. जगातली बहुतेक पाठ्यपुस्तकं गोऱ्या कातडीवरची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. उदय खोपकर यांनी तपकिरी कातडीवर या भिंगातून काय दिसतं, याचा चित्रसंग्रह संपादित केला, तो आपल्याकडच्या डॉक्टरांना म्हणूनच उपयोगी पडला.

पुढची पायरी सोनोग्राफीची. बाळाची टाळू उघडी असते तोवर तीच खिडकी होते आणि आतलं पुष्कळ काही दिसतं. मागची टाळू दोनेक महिन्यांत भरते, पुढची साधारण बारा ते अठरा महिन्यांत. म्हणजे लवकर आलेल्या बाळाची तपासणी सोपी, जावळासाठी तिसऱ्या वर्षापर्यंत थांबलेल्याची अवघड. मध्यरेषेवरच्या संशयास्पद खुणेसाठी एमआरआय लागतो. तीनेक महिन्यांच्या आतल्या बाळाला त्यासाठी भूल द्यावीच लागते असं नाही. पोटभर दूध पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि गाढ झोपू द्यायचं. आपल्या आज्या बाळाला बांधून ठेवत, तसंच. मोठ्या मुलाला मात्र भूल द्यावी लागते, आणि भूलतज्ज्ञाची वेळ मिळवण्यात आठवडे जातात.

किनाऱ्यावरच्या कुटुंबासाठी ही वाट लांबची. श्रीवर्धनहून मुंबई दोनशे किलोमीटरच्या घरात. अलिबागहून मांडव्याला जाऊन रो-रो बोट पकडता येते, २०२० पासून ती सोय झाली आहे, पण पावसाळ्यात समुद्र खवळला की बेत मोडतो. उरणकरांना जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. अलिबागला २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, कामोठ्याला एमजीएम आहे, आणि परळला १९२९ पासून फक्त मुलांसाठी असलेलं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. पैशांच्या बाजूनं रायगडला एक गोष्ट लवकर मिळाली. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत रायगड होता. हीच योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते.

पण मुंबईला जावं की नाही, हे ठरवणारी नजर गावातच हवी. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोष शोधण्याचं काम प्रसूतिगृहातल्या परिचारिकेपासून आशाताईंपर्यंत सगळ्यांवर आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरी येऊन नवजात बाळ पाहण्याची ही पद्धत महाराष्ट्राच्याच मातीतली, गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घडवलेली. कार्यक्रमाच्या यादीत मज्जानलिकेचे, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूच्या त्या नळीचे, दोष आहेत, पण उघड दिसणारे मोठे दोष नजरेत येतात आणि टोपड्याखालचा रुपयाएवढा व्रण निसटतो. त्या सहा भेटींपैकी एकीत तरी टोपडं काढून, केस सारून, नाकाच्या शेंड्यापासून मानेपर्यंत बोट फिरवून पाहिलं जावं. त्याला एक मिनिटही लागत नाही.

रायगडला अशा नजरेची परंपरा आहे. विंचवाच्या दंशानं माणसं का दगावतात, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात, हाताशी फारशी यंत्रं नसताना, रुग्णाच्या खाटेशी रात्रभर बसून टिपलं आणि त्यातून प्रॅझोसिनचा उपचार जगापुढे मांडला.

राहिला ग्रहणाचा प्रश्न. कातडी न जुळणं, मेंदूची नळी अपुरी मिटणं, जनुकात बदल होणं, यांतल्या कशाशीही ग्रहणाच्या सावलीचा किंवा त्या वेळी सुरीनं भाजी चिरण्याचा संबंध नाही. आईच्या हाती असलेल्या गोष्टी दोन, आणि त्याही आधी कुणी सांगितल्या तरच. पहिली फॉलिक अ‍ॅसिडची. दिवस जाण्याच्या आधीपासून ही गोळी घेतली तर मज्जानलिकेचे दोष बरेच कमी होतात, हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीनं १९९१ मध्ये सिद्ध केलं. दुसरी, थायरॉइड अति काम करत असताना देतात त्या मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोल या गोळ्यांची. गरोदरपणाच्या सुरुवातीला त्या घेतलेल्या काही मातांच्या बाळांत डोक्यावरची कातडी अपुरी असल्याचं १९७२ पासून नोंदलं गेलं आहे. अशा बाईनं गोळी मनानं बंद करू नये. मूल हवं असं ठरताच डॉक्टरांना सांगावं, म्हणजे ते औषध बदलू शकतात. थायरॉइड मंद असल्यामुळे पुष्कळ बायका रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेतात, ती वेगळी. तिचा या विकाराशी संबंध नाही आणि गरोदरपणात ती चालू ठेवणं गरजेचं असतं.

आणि जावळ? तपासणी झाली नसेल, खाली हाड आहे की नाही हे कळलेलं नसेल, तर त्या जागेवर वस्तरा फिरवू नये. केस उतरवणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं. मुहूर्त चुकवायचा नसेल तर बाजूची एखादी बट कात्रीनं नावापुरती कापतात. तेवढ्यानंही जावळ पार पडतं. मांडी मामाचीच असते, बाळ तसंच रडतं, आणि उरलेले केस अहवाल हाती येईपर्यंत टोपड्याखाली राहतात.